क्लॉड शॅनन : कपड्यांत दडलेला संगणक

१९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील लास व्हेगास शहराच्या एका जुगारगृहात रुलेच्या चक्राजवळ एक सडपातळ, मितभाषी गृहस्थ कागद घेऊन उभे होते. चक्र फिरून थांबले आणि चेंडू एखाद्या खान्यात पडला की तो आकडा ते टिपून ठेवत. असे आकडे टिपणारे लोक जुगारगृहांना नवे नसतात. मागच्या आकड्यांवरून पुढचा आकडा हुडकू पाहणारा आणि अखेरीस खिसा रिकामा करून परतणारा आणखी एक भाबडा माणूस, यापलीकडे त्यांची कोणी दखल घेतली नाही. त्यांच्या बुटांकडे लक्ष जाण्याचे तर काही कारणच नव्हते. मात्र त्या बुटांत पायाच्या अंगठ्याशी बारीक कळा बसवलेल्या होत्या आणि कपड्यांच्या आत सिगारेटच्या पाकिटाएवढे एक यंत्र दडले होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या त्यांच्या सहकाऱ्याच्या कानात त्या यंत्राचे स्वर उमटत होते.

हे गृहस्थ म्हणजे क्लॉड शॅनन. तेव्हा त्यांचे वय ४५ होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या विख्यात संस्थेत ते प्राध्यापक होते आणि माहितीचे मोजमाप कसे करावे हे जगाला शिकवणारा शास्त्रज्ञ म्हणून त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली होती. आज मनगटावरचे घड्याळ आपली पावले मोजते, नाडीचे ठोके टिपते, कानातील इवलेसे यंत्र रस्ता सांगते. अंगावर वागवायच्या या संगणकांच्या वंशावळीत शॅनन यांचे ते यंत्र पहिले मानले जाते. ते कोणा कंपनीने अथवा सरकारी प्रयोगशाळेने बनवलेले नव्हते. घराच्या तळघरात दोन हौशी माणसांनी, रिकाम्या वेळात, जोडतोड करून ते उभे केले होते.

शॅनन यांचे चरित्र सांगताना त्यांच्या सिद्धांताला मानाचे पान दिले जाते आणि त्यांच्या खेळण्यांना तळटीप. थोर माणसाचे विक्षिप्त छंद म्हणून ती कौतुकाने दाखवली जातात. परंतु त्यांच्या आयुष्याचा क्रम पाहिला तर सिद्धांत आणि खेळणे यांच्यात भिंत अशी सापडत नाही. हाताने एखादी वस्तू जुळवावी, ती का चालते याचा विचार करावा आणि त्या विचारातून पुन्हा नवी वस्तू जुळवावी, हाच क्रम बालपणापासून अखेरपर्यंत दिसतो.

क्लॉड एलवुड शॅनन यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजी मिशिगन राज्यातील पेटॉस्की येथे झाला. बालपण जवळच्याच गेलॉर्ड या लहानशा गावात गेले. वडील व्यापारी होते आणि मृत्युपत्रे व वारसा यांची प्रकरणे पाहणाऱ्या न्यायालयाचे न्यायाधीशही. आई भाषेची शिक्षिका होती व पुढे गावच्या हायस्कूलची मुख्याध्यापिका झाली. थोरली बहीण कॅथरीन गणितात तरबेज होती. तिच्या संगतीत धाकट्या भावालाही गणिताची गोडी लागली. मुलाचा जीव मात्र विशेष रमे तो मोडतोड आणि जोडजाड करण्यात. विमानांच्या प्रतिकृती, बिनतारी लहरींवर चालणारी खेळण्यातली नाव, बिघडलेले रेडिओ, असा त्याचा संसार होता. थॉमस एडिसन हा त्याचा आदर्श. पुढे एडिसनशी आपले दूरचे नाते असल्याचेही त्याला कळले.

या काळातील त्याचा सर्वांत बोलका उद्योग म्हणजे काटेरी कुंपणाचे तारयंत्र. गेलॉर्डच्या परिसरात शेतांच्या हद्दीवर काटेरी तारांची कुंपणे होती. अर्ध्या मैलावर राहणाऱ्या मित्राशी बोलायचे, तर वेगळी तार कोठून आणावी? क्लॉडने कुंपणाचीच तार वापरली आणि दोन्ही घरांमध्ये संदेशांची देवघेव सुरू केली. गुरांना अडवण्यासाठी ताणलेली तार संदेश वाहू लागली. तारेला संदेशाच्या अर्थाशी कर्तव्य नसते, तिला फक्त वीज आहे की नाही एवढेच ठाऊक असते, हा धडा त्या मुलाला पुस्तकाआधी कुंपणाने दिला होता.

१९३२ मध्ये ते मिशिगन विद्यापीठात दाखल झाले आणि १९३६ मध्ये विद्युत अभियांत्रिकी आणि गणित या दोन्ही विषयांतील पदव्या घेऊन बाहेर पडले. अभियांत्रिकी घ्यावी की गणित, हा प्रश्न त्यांनी दोन्ही घेऊन सोडवला होता. पुढे काय, याचे उत्तर सूचनाफलकावरील एका कार्डाने दिले. एमआयटीमध्ये व्हॅनिव्हर बुश यांच्या महाकाय गणनयंत्रावर काम करण्यासाठी साहाय्यक हवा होता. चाके, दांडे आणि फिरत्या तबकड्या यांच्या साहाय्याने अवघड समीकरणे सोडवणारे ते यंत्र एका खोलीत मावत असे. त्याच्या नियंत्रणासाठी शंभराहून अधिक रिले होते. रिले म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारी कळ. चाकांपेक्षा या कळांच्या जाळ्यानेच शॅनन यांचे मन अधिक ओढून घेतले.

इंग्रज गणिती जॉर्ज बूल यांनी एकोणिसाव्या शतकात तर्काचे बीजगणित मांडले होते. विधान खरे असेल तर एक, खोटे असेल तर शून्य, आणि या दोहोंवर बेरीज-गुणाकारासारख्या क्रिया. तत्त्वज्ञानाच्या वर्गाबाहेर त्याचा फारसा उपयोग कोणाला दिसला नव्हता. शॅनन यांनी ते मिशिगनमध्ये शिकले होते. समोर उघडझाप करणारे रिले पाहताना त्यांच्या ध्यानात आले की बंद कळ आणि उघडी कळ यांचे गणितही हेच आहे. एकापुढे एक जोडलेल्या दोन कळा म्हणजे 'आणि', शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन कळा म्हणजे 'किंवा'. कळांची कोणतीही जोडणी समीकरणात लिहिता येते आणि कोणतेही तार्किक समीकरण कळांनी बांधता येते. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९३७ मध्ये, त्यांनी हे आपल्या प्रबंधात मांडले. पदव्युत्तर पदवीसाठी लिहिलेल्या त्या प्रबंधावर पुढच्या सर्व संगणकांच्या मंडलांची रचना उभी राहिली. १९४० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, तीही आनुवंशिकतेच्या गणितावर.

१९४१ मध्ये शॅनन बेल लॅबोरेटरीज या दूरध्वनी कंपनीच्या संशोधनसंस्थेत रुजू झाले. महायुद्धाचा काळ होता. शत्रूच्या विमानाचा पुढील ठावठिकाणा आधीच ताडून त्यावर तोफ रोखणाऱ्या यंत्रणांवर त्यांनी काम केले. हलत्या वस्तूची गती टिपून ती काही क्षणांनी कोठे असेल हे सांगायचे, असा तो प्रश्न होता. वीस वर्षांनी रुलेच्या चेंडूबाबत हाच प्रश्न त्यांच्यापुढे वेगळ्या वेशात उभा राहणार होता. त्याच काळात गुप्तलेखनाचा गणिती अभ्यासही त्यांनी केला. १९४३ च्या आरंभी इंग्लंडचे ॲलन ट्युरिंग तेथे आले असता उपाहारगृहात चहाच्या वेळी दोघांच्या भेटी होत. दोघेही सांकेतिक लिपीच्या कामात गुंतलेले असूनही गोपनीयतेच्या बंधनामुळे त्या विषयावर मात्र त्यांना बोलता येत नसे. मग विचार करू शकणाऱ्या यंत्रांवर गप्पा होत.

१९४८ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या नियतकालिकात शॅनन यांचा संदेशवहनाच्या गणिती सिद्धांतावरील दीर्घ निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यांनी संदेशाचा अर्थ बाजूला ठेवला आणि अनिश्चितता हाती घेतली. ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट सांगितली तर माहिती शून्य; अनपेक्षित गोष्ट सांगितली तर माहिती अधिक. नाणेफेकीचा कौल कळण्याने जेवढी अनिश्चितता संपते तेवढ्या मापाला बिट हे नाव मिळाले. हा शब्द जॉन ट्युकी या सहकाऱ्याने सुचवल्याचे शॅनन यांनी निबंधातच नमूद केले. पावसात भिजलेल्या लग्नपत्रिकेतील चार-दोन अक्षरे पुसली गेली तरी आपण ती वाचू शकतो, कारण भाषेत गरजेपेक्षा अधिक अक्षरे असतात. ही अधिकता मोजता येते आणि शहाणपणाने वापरताही येते, हे त्यांनी दाखवले. प्रत्येक संदेशमार्गाची एक ठरावीक क्षमता असते आणि त्या क्षमतेच्या आत राहिल्यास, मार्गात कितीही खरखर असली तरी, योग्य सांकेतिक रचनेने चुका हव्या तितक्या कमी करता येतात, हे त्यांचे सर्वांत आश्चर्यकारक प्रमेय होते. दूरध्वनी, उपग्रह, चकतीवरील संगीत, मोबाइल, या सर्वांना पुढे त्याचा आधार मिळाला.

इतक्या मोठ्या कीर्तीनंतर कोणीही आपल्या आसनावर स्थिर झाले असते. शॅनन मात्र बेल लॅबोरेटरीजच्या लांबलचक मार्गिकांतून एकचाकी सायकल चालवत, हातांनी चेंडू झेलत फिरत. १९४९ मध्ये त्यांनी तेथेच गणनाचे काम करणाऱ्या बेटी मूर यांच्याशी विवाह केला. बेटी स्वतः गणिताच्या पदवीधर होत्या आणि हातात सोल्डरिंगची लेखणी धरायला कचरत नसत. १९५० च्या सुमारास पती-पत्नींनी घरी रात्री बसून थीसियस नावाचा लाकडी उंदीर तयार केला. पंचवीस चौकोनांच्या भूलभुलैयात तो सोडायचा. तांब्याच्या मिशा भिंतीला लागल्या की तो मागे सरून दुसरी दिशा धरी आणि अडखळत अखेर लक्ष्यापर्यंत पोहोचे. दुसऱ्या खेपेला मात्र तो एकदाही न चुकता थेट जाई. खरे पाहता उंदराच्या अंगात एक चुंबक आणि त्या मिशा यांपलीकडे फारसे काही नव्हते. त्याला ओढणारे विद्युतचुंबक फरशीखाली फिरत होते आणि वाट लक्षात ठेवण्याचे काम सुमारे ७५ रिले करत होते. स्पर्शाने जग जाणणारा संवेदक, अनुभव साठवणारी स्मृती आणि त्यावरून ठरणारी कृती ही तिन्ही अंगे त्या खेळण्यात एकत्र आली होती.

त्यानंतर अशा वस्तूंची रांगच लागली. रोमन आकड्यांत हिशेब करणारे यंत्र झाले. चित की पट यांतून माणसाची पुढची निवड ओळखून त्याला हरवणारे यंत्र झाले. मार्विन मिन्स्की यांच्या कल्पनेवरून एक पेटीही झाली. तिची कळ दाबली की झाकण उघडून एक हात बाहेर येई, कळ बंद करी आणि पुन्हा आत जाई. स्वतःला बंद करण्यापलीकडे त्या पेटीला काही कार्य नव्हते. यांपैकी बहुतेक वस्तूंचा बाजारात काडीचाही उपयोग नव्हता आणि शॅनन यांना त्याची खंत नव्हती. उपयोग काय, या प्रश्नाने त्यांनी आपल्या कुतूहलाचा हिशेब कधी मांडला नाही.

१९५६ मध्ये ते एमआयटीत गेले आणि लवकरच तेथेच स्थिरावले. विंचेस्टर या उपनगरात तळ्याकाठी त्यांनी घर घेतले. त्या घराच्या तळघरात मोटरी, कप्प्या, रिले, ट्रान्झिस्टर आणि नाना अवजारे यांचा खच पडला होता. पुढे त्या सामानाची किंमत लाखभर डॉलर असावी, असा अंदाज एका पाहुण्याने केला. हा पाहुणा म्हणजे एडवर्ड थॉर्प हा तरुण गणिती. १९६० च्या नोव्हेंबरात तो शॅनन यांना प्रथम भेटला तो वेगळ्याच कामासाठी. पत्त्यांच्या ब्लॅकजॅक या खेळात खेळाडूला जुगारगृहावर मात करता येते, हे त्याने गणिताने सिद्ध केले होते. तो निबंध राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत छापायचा तर अकादमीच्या सदस्याची शिफारस हवी होती आणि एमआयटीतील गणितज्ञांत शॅनन हे तसे सदस्य होते. भेटीला मोजकी मिनिटे मिळतील, असे त्याला आधीच बजावण्यात आले होते. निबंधाचे काम झाल्यावर शॅनन यांनी जुगाराविषयी आणखी काही चालले आहे का, असे सहज विचारले. थॉर्पने रुलेविषयीची आपली कल्पना सांगितली आणि मिनिटांची भेट तासांची झाली.

मांडवीच्या पात्रातील तरंगत्या कॅसिनोंमुळे रुलेचे चक्र गोमंतकीय वाचकाला अगदीच अपरिचित राहिलेले नाही. अमेरिकी चक्राला ३८ खाने असतात. चक्र एका दिशेने फिरते, चेंडू वरच्या कडेवरून उलट दिशेने सोडला जातो, वेग मंदावला की तो खाली घसरतो आणि एखाद्या खान्यात विसावतो. नेमका आकडा लागला तर एकास पस्तीस मिळतात. ३८ खान्यांच्या हिशेबाने ही रक्कम अपुरी असल्यामुळे प्रत्येक शंभर डॉलरमागे सरासरी पाच डॉलरहून थोडे अधिक जुगारगृहाकडे जातात. कोणत्याही आकडेमोडीने हे प्रमाण बदलत नाही. थॉर्पचा विचार वेगळा होता. चेंडू सोडल्यानंतरही काही वेळ पैसे लावण्याची मुभा असते. त्या क्षणी चेंडू कोठे पडणार हे दैवाच्या हाती नसते, ते भौतिकशास्त्राच्या हाती असते. चक्राचा वेग आणि चेंडूचा वेग अचूक टिपता आला तर पुढचे गणित करता येईल. परंतु ते गणित काही क्षणांत, कोणाच्याही नजरेस न येता, टेबलाजवळ उभ्या असलेल्या माणसाने करायला हवे. थोडक्यात, संगणक माणसाच्या अंगावर असायला हवा. त्या काळी संगणक म्हणजे अख्खी खोली व्यापणारी वस्तू होती.

रेनो शहरातून १,५०० डॉलरना एक खरे रुलेचे चक्र मागवण्यात आले आणि तळघरातील जुन्या बिलियर्डच्या टेबलावर मांडण्यात आले. लुकलुकणारे दिवे, सेकंदाला एक फेरा मारणारे मोठे घड्याळ आणि चित्रीकरणाचा कॅमेरा यांच्या मदतीने महिनोन् महिने चेंडूचे निरीक्षण चालले. चेंडू नेमक्या कोणत्या आकड्यावर पडेल हे सांगणे अशक्य होते, कारण खाली उतरताना तो धातूच्या उंचवट्यांवर आदळून उसळतो. चक्राचे आठ भाग कल्पिले तर त्यांपैकी कोणत्या भागात तो पडण्याचा संभव अधिक आहे, एवढे मात्र सांगता येत होते. अपुऱ्या आणि खरखरीने भरलेल्या माहितीतून जेवढे काढता येईल तेवढे काढायचे, हे शॅनन यांचे आयुष्यभराचे काम येथेही उपयोगी पडले. किती पैसे लावावेत, या प्रश्नासाठी त्यांनी थॉर्पला बेल लॅबोरेटरीजमधील सहकारी जॉन केली यांचा १९५६ चा निबंध वाचायला सांगितला. तोही माहितीच्या सिद्धांतातूनच जन्मलेला होता.

१९६१ च्या जूनपर्यंत यंत्र तयार झाले. त्यात अवघे १२ ट्रान्झिस्टर होते. हात मोकळे आणि संशयातीत राहावेत म्हणून सारी सूत्रे पायाच्या अंगठ्याकडे देण्यात आली. चक्रावरील शून्य ठरावीक खुणेसमोरून गेले की अंगठ्याने कळ दाबायची, फेरा पूर्ण झाला की पुन्हा दाबायची. त्यावरून चक्राचा वेग कळे. मग चेंडूची वेळही तशीच टिपायची. चक्राचा वेग कळल्यावर यंत्र एका सप्तकाचे आठ स्वर क्रमाने वाजवू लागे. चेंडूची नोंद पूर्ण झाली की स्वर थांबत; शेवटी ऐकू आलेला स्वर चक्राचा कोणता भाग निवडावा ते सांगे. हे स्वर बिनतारी लहरींनी पैसे लावणाऱ्या साथीदारापर्यंत जात आणि त्याच्या कानाच्या पोकळीतील इवल्याशा ध्वनिक्षेपकातून उमटत. कानापर्यंत जाणारी तार केसाएवढी बारीक घेतली होती. ती त्वचेच्या व केसांच्या रंगात रंगवून, नाटकवाले दाढीमिशा चिकटवायला जो डिंक वापरतात त्याने चिकटवली जाई. अंगठ्याला सराव देऊन देऊन चूक सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत खाली आणण्यात आली. तळघरातील प्रयोगांवरून लावलेल्या रकमेवर सरासरी ४४ टक्के लाभ अपेक्षित होता.

लास व्हेगासला शॅनन आणि थॉर्प ही दोन्ही दांपत्ये गेली. शॅनन चक्राजवळ उभे राहून अंगठ्याने वेळ टिपत आणि वरकरणी आकडे लिहीत. थॉर्प दूरच्या टोकाला बसून लहान रकमा लावी. बेटी आणि थॉर्पच्या पत्नी व्हिव्हियन जुगारगृहातील कोणाला संशय येत नाही ना, याकडे लक्ष ठेवत. यंत्र काम करत होते. छोट्या रकमांचे ढीग वाढताना दिसत होते. अडचण आली ती गणितात नाही, तारेत. केसाएवढी ती तार पुनःपुन्हा तुटे, खेळ थांबवून खोलीवर जावे लागे, सोल्डरिंग करून पुन्हा यावे लागे. एकदा शेजारी बसलेल्या बाईंचे लक्ष थॉर्पच्या कानाकडे गेले आणि त्या दचकल्या. ध्वनिक्षेपक कानातून एखाद्या किड्यासारखा डोकावत होता. मोठ्या रकमा लावण्याची वेळ कधी आलीच नाही. जुगारगृहांच्या मालकांना हे कळले तर काय होईल, याची धास्तीही होतीच. संगणक अंगावर वागवून खेळू नये, असा कायदा तेव्हा नव्हता. नेवाडा राज्याने तो केला १९८५ मध्ये. पण कायद्याच्या आधी जुगारगृहांचे स्वतःचे मार्ग होते आणि ते सौम्य नव्हते.

यंत्र बाजूला ठेवले गेले. पाच वर्षे त्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही; १९६६ मध्ये थॉर्पने त्याचा प्रथम जाहीर उल्लेख केला. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथील भौतिकशास्त्राच्या तरुण विद्यार्थ्यांनी हाच प्रश्न नव्याने हाती घेतला आणि अधिक शक्तिमान संगणक बुटातच बसवला. तुटक्या तारांनी त्यांनाही सतावले. जुगाराच्या दृष्टीने पाहिले तर शॅनन यांचा प्रयोग फसला असेच म्हणावे लागेल. पण अंगावर वागवायच्या संगणकाचे सारे मूळ प्रश्न त्या तळघरात विचारले गेले होते. हात गुंतवून न ठेवता यंत्राशी बोलायचे कसे, थोडक्या खुणांत उत्तर मिळवायचे कसे, यंत्र शरीरावर अवघडू न देता बसवायचे कसे, आणि ते जे सांगते ते कोणी ऐकावे. शॅनन यांचे यंत्र केवळ ते वागवणाऱ्यांशी बोलत होते आणि जुगारगृहाला त्याची गंधवार्ताही नव्हती. आजचे मनगटावरील यंत्र आपली झोप, चाल आणि हृदयाचे ठोके टिपून ते अनेकदा दूरवरच्या एखाद्या कंपनीच्या भांडारात पाठवते. साठ वर्षांत यंत्र लहान झाले, तार नाहीशी झाली आणि गुपित कोणाचे हेही बदलले.

पुढील वर्षांत शॅनन यांनी शोधनिबंध लिहिणे जवळजवळ थांबवले. निमंत्रणांना, पत्रांना उत्तरे जात नसत. खेळ मात्र थांबला नाही. तळ्याच्या पाण्यावरून चालता यावे म्हणून त्यांनी फोमचे प्रचंड जोडे बनवले. चेंडू झेलण्याच्या कसरतीचेही त्यांनी गणित मांडले. चेंडू हवेत किती वेळ, हातात किती वेळ आणि हात रिकामा किती वेळ, यांचे नाते सांगणारे त्यांचे प्रमेय प्रसिद्ध आहे. त्यासाठी मोजमापे हवी होती. मग कसरतपटूच्या बोटांवर तांब्याची जाळी चढवली गेली आणि चेंडूंना वीजवाहक वर्ख गुंडाळला गेला. चेंडू हातात आला की मंडल पूर्ण होई आणि घड्याळ चालू होई. सत्तरीकडे झुकलेल्या त्या वयातही बालपणीच्या कुंपणाच्या तारेसारखाच, हाताशी असलेल्या वस्तूंचा संवेदक त्यांनी केला होता.

१९७८ मध्ये ते निवृत्त झाले. १९८५ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे माहिती सिद्धांतावरील आंतरराष्ट्रीय परिषदेत ते अनपेक्षितपणे अवतरले आणि सभागृहात कुजबुज पसरली. मेजवानीत बोलायला उभे राहिल्यावर श्रोते कंटाळतील असे वाटून त्यांनी खिशातून तीन चेंडू काढले व कसरत करून दाखवली. त्याच वर्षी जपानचा क्योटो पुरस्कार त्यांना मिळाला. तोवर स्मृतिभ्रंशाची लक्षणे दिसू लागली होती. आधी परिचित रस्ते हरवले, मग नावे, मग माणसे. १९९३ मध्ये त्यांना शुश्रूषागृहात ठेवावे लागले. बेटी दररोज भेटीला जात. उंदराला वाट लक्षात ठेवायला शिकवणाऱ्या माणसाची स्मृती हळूहळू विझत गेली, आणि नेमक्या त्याच वर्षांत त्यांच्या सिद्धांतावर उभे असलेले इंटरनेट घराघरांत शिरत होते. १९९८ मध्ये अंगावर वागवायच्या संगणकांवरील परिषदेसाठी थॉर्पने त्या पहिल्या यंत्राची सविस्तर हकीकत लिहिली. ती समजून घेण्याच्या अवस्थेत शॅनन तेव्हा नव्हते.

२४ फेब्रुवारी २००१ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड येथे त्यांचे निधन झाले. केंब्रिजच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांची समाधी आहे. दगडाच्या दर्शनी बाजूवर केवळ नाव आहे. ज्या सूत्राने माहितीला माप मिळाले ते सूत्र दगडाच्या मागच्या बाजूला कोरलेले आहे, आणि समोर वाढलेल्या झुडपामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ते सहसा नजरेस पडत नाही.